टप उघडल्यावर गाणं कुठे जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९२ ची, जपानहून इंग्लंडात आलेली, माझदाची युनोस रोडस्टर घेतली आहे. जुन्या डेकवर इथली बरीच स्टेशनं लागतच नाहीत. टप लावलेला असताना गाणी बरी वाजतात, पण टप उघडून मोठ्या रस्त्याला लागलं की नुसती चिरचिर उरते आणि आवाज वाढवला की फाटतो. दुकानदार म्हणतो, डिकीत १२ इंची सबवूफर (नुसत्या खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) आणि हजार वॅटचा अँप टाका, प्रश्न मिटेल. टाकावा का?

नका टाकू. त्याच पैशात, बहुधा त्याहून कमी पैशात, गाडी खरोखर ऐकण्यासारखी होते. पण कामाचा क्रम उलटा लावावा लागतो. पुण्यात तापकीर गल्लीतून माल आणून मारुती ८०० च्या दारांत स्पीकर बसवण्यापासून मी या धंद्यात आहे, आणि इथे आल्यापासून तुमच्यासारख्या टप उघडणाऱ्या गाड्या माझ्याकडे जास्त येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या डिकीत आधीच एक मोठा डबा असतो आणि मालक तरीही कुरकुरत असतो.

आधी गाणं जातं कुठे ते बघू. ५० हर्ट्‌झच्या स्वराची लांबी जवळपास सात मीटर भरते. तुमच्या गाडीची केबिन त्याच्यापुढे चिमुकली. बंद केबिनमध्ये असे खालचे स्वर लाटेसारखे फिरत नाहीत, स्पीकरचा कोन (म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा) हलला की सगळ्या केबिनमधला हवेचा दाब वरखाली होतो आणि बास फुकटात वाढून मिळतो. म्हणून लहान बंद गाडीत साधा स्पीकरही दणदणीत वाजतो. टप उघडला की तो दाब वर निघून जातो, फुकटचा बास संपतो. त्यात वाऱ्याचा आणि टायरचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला, आणि खालच्या पट्टीतला गोंगाट आपल्या वरच्या स्वरांनाही झाकून टाकतो. त्यामुळे तबल्याचा बायाँ, बास गिटार, पुरुषाच्या आवाजातला भरदारपणा हे आधी जातं. मागे राहतो तो झांजांचा आणि ‘स’काराचा भाग. तीच तुमची चिरचिर.

मग माणूस काय करतो? नॉब फिरवतो. डेकच्या खोक्यावर ५० गुणिले ४ वॅट लिहिलेलं असतं, पण आतली चिप सलग, स्वच्छ अशी १५ ते २० वॅटच देते. त्याच्या वर गेलं की लाटेचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. असंच महिनोन्‌महिने वाजवलं तर आधी ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर, जळतात.

आता हिशेब. टप उघडा, काचा खाली आणि वेग ताशी ७० मैल असेल तर कानाशी गोंगाट ८५ ते ९० डेसिबलच्या आसपास जातो. अँपची ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. १० डेसिबल वाढवायचे तर ताकद दहापट लागते. म्हणजे वॅटच्या जोरावर वाऱ्याशी भांडायला गेलात तर खिसाही हरतो आणि कानही. ८५ डेसिबलला आठ तास ही कानांची साधारण मर्यादा मानतात आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. ९४ ला उरतो एक तास. त्या गोंगाटावर गाणं चढवायचं म्हणजे तुम्ही ९५ च्या पुढेच आहात.

म्हणून पहिलं काम फुकटचं: काचा वर ठेवा. टप उघडा ठेवून काचा वर केल्या तरी गाडीचा आनंद कमी होत नाही (माझं मत, काही जण यावर भांडतात). दुसरं काम थोड्या पैशांचं. सीटच्या मागे, दोन्ही डोक्यांच्या मधल्या उंचीपर्यंत येणारी वाऱ्याची आड बसवा. या गाडीत वारा पुढच्या काचेवरून उडी मारून मागून केबिनमध्ये परत फिरतो आणि मानेवर आपटतो. मूळची आड बुटकी असते, बाजारात उंच, पारदर्शक मिळते. या दोन गोष्टींनी जो फरक पडतो, तो पाडायला अँप कित्येक पटींनी मोठा घ्यावा लागला असता.

वायरिंगला हात लावण्याआधी पाणी बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. टपाच्या मागच्या कडेखाली पन्हाळ आहे. तिथलं पाणी दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबांजवळच्या नळ्यांतून खाली उतरतं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. त्या नळ्यांत पालापाचोळा अडकला की पाणी सीटमागच्या कार्पेटखाली साचतं आणि दारांखालचे उंबरे आतून कुजतात. इथल्या वार्षिक तपासणीत या गाड्या नापास होतात त्या बहुतेकदा याच गंजापायी. एक तांब्या पाणी हळूहळू ओता आणि गाडीखाली दोन्हीकडून तेवढंच पडतं का ते बघा. एकीकडून कमी पडलं तर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची जाड दोरी घालून नळी मोकळी करा. कडक तार जोराने खुपसू नका, नळी फाटते. कार्पेट उचलून खालचा फोम दाबा, ओला लागला तर वाळेपर्यंत पुढचं काम थांबवा. उंबऱ्याच्या मागच्या टोकाला रंगाखाली फुगवटे दिसले तर स्पीकरचे पैसे वेल्डरला द्या, गाणी पुढच्या वर्षी.

आता दार, जिथे खरा खेळ आहे.

दाराचं पॅड काढलंत की तुम्हाला हार्डबोर्डचा मागचा भाग दिसेल, बहुधा खालच्या कडेला पाण्याने फुगून वाकडा झालेला. त्यामागे प्लॅस्टिकचा कागद, अर्धा फाटलेला, कारण आधीच्या प्रत्येक मेकॅनिकने तो ओढून काढला आणि परत चिकटवला नाही. त्यामागे पत्रा, आणि पत्र्याला हात जाईल एवढाली भोकं. मूळ साडेसहा इंची स्पीकर काढून बघा. त्याच्या कडेचा फोम बोटाने दाबला की भुगा होऊन पडेल. वयच तेवढं आहे, गाडीचा दोष नाही.

स्पीकर पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो. मागची हवा त्या भोकांतून फिरून पुढे आली की दोन्ही एकमेकींना मारतात आणि बास तिथेच संपतो. म्हणजे नवा महागडा स्पीकर भोकं असलेल्या दारात बसवणं हे फुटक्या माठात पाणी भरणं आहे. म्हणून आधी दार बंद करायचं. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला ब्युटाइलच्या (जड, चिकट रबराच्या) पट्ट्या चिकटवा. पूर्ण मढवायची गरज नसते, पाव भाग झाकला तरी पत्र्याची टणटण जाते. टिचकी मारून बघा, ‘टंग’ऐवजी ‘ठक’ आलं की पुरे. आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या पातळ तुकड्यांनी झाका आणि वर ब्युटाइल ओढा. काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेपर्यंत पुन्हा पोचता येईल असा एक तुकडा स्क्रूने बसवा, कारण या गाडीत तिची केबल कधी ना कधी दगा देतेच.

एक गोष्ट मात्र अजिबात झाकायची नाही: दाराच्या तळाची भोकं. काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरच्या बीडिंगमधून दाराच्या पोटात उतरतं आणि तळातून बाहेर पडतं. हे सदोष नाही, असंच घडवलेलं आहे. ती भोकं ब्युटाइलने बुजवलेली दारं मी पाहिली आहेत, हलवलं की आत पाणी डुचमळतं. याच कारणाने स्पीकरखालची रिंग एमडीएफची (लाकडाच्या दाबलेल्या भुशाची) नको. ती दोन पावसाळ्यांत बिस्किटासारखी उकलते. प्लॅस्टिकची घ्या, आणि रिंग व पत्रा यांच्यात फोमची पट्टी लावा. स्पीकरच्या पुढे पॅडपर्यंतही फोमचं कडं हवं, नाहीतर निम्मा आवाज पॅडच्या मागेच घोळत राहतो.

स्पीकर कसला घ्यावा? कोन पॉलिप्रॉपिलीनचा, कडा रबराची. नुसता कागदी कोन या दारात टिकत नाही. खास बोटींसाठीचे मिळतात, पाण्याला आणि उन्हाला चांगले, पण दारात आडोसा असल्याने तेवढं आवश्यक नाही. खोक्यावरच्या मोठ्या वॅटच्या आकड्याकडे बघू नका, संवेदनशीलतेचा आकडा बघा. एक वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा आणि ९२ देणारा यांत ५ डेसिबलचं अंतर आहे. म्हणजे दुसऱ्याला तोच आवाज काढायला जवळजवळ एक तृतीयांश ताकद लागते. टप उघड्या गाडीत हा आकडा सगळ्यात मोलाचा आणि तोच कोणी विचारत नाही.

आणि जोडीचे घ्या, म्हणजे खालच्या-मधल्या स्वरांचा वूफर वेगळा, ट्वीटर वेगळा. या गाडीतले स्पीकर दारात खाली, पुढच्या कोपऱ्यात असतात. ते तुमच्या नडग्यांना गाणं ऐकवतात. वरचे स्वर सरळ रेषेत जातात, गुडघ्याला आपटून तिथेच विरतात. ट्वीटर आरशाच्या आतल्या बाजूच्या त्रिकोणी तुकड्यावर, कानाकडे किंचित वळवून बसवला की आवाज एकदम डॅशबोर्डवर येतो. उघड्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, त्यामुळे जवळिकीचा फायदा बंद गाडीपेक्षा इथे जास्त.

हेच तत्त्व माझदाच्या लोकांनी तेव्हाच ओळखलं होतं. पहिल्या पिढीच्या काही गाड्यांत सीटच्या डोकं टेकायच्या भागातच लहान स्पीकर दिलेले आहेत. तुमच्या सीटच्या मागे वर चेन असेल तर ती उघडून बघा, स्पीकर नसले तरी फोममध्ये त्यांची जागा कापलेली असू शकते. मला ही कल्पना फार आवडते, पण तिचा गैरवापरही खूप होतो. हे अडीच-तीन इंची स्पीकर आहेत, त्यांना ३०० हर्ट्‌झच्या खालचं काही देऊ नका. आणि त्यांचा आवाज दारांपेक्षा कमी ठेवा, इतका की ते बंद केल्यावरच ते चालू होते हे कळावं. नाहीतर गायक तुमच्या मानेत बसून गातो. जोडताना मीटर लावा. एका बाजूचे दोन स्पीकर समांतर जोडले की रोध निम्मा होतो. ४ ओहमचे असतील तर २ ओहम दिसतील, आणि डेकच्या चिपला ते झेपत नाही.

सगळे जोडल्यावर दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन प्रत्येक स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिकला लागल्यावर कोन बाहेर यायला हवा. एखादा आत गेला तर त्याची वायर उलटी आहे. एका दाराची वायर उलटी असली की दोन्ही दारांचा बास एकमेकांना खातो आणि मालक सबवूफर शोधायला निघतो.

अँप हवा, पण लहान. चार चॅनेलचा, प्रत्येकी खरे ५० ते ७५ वॅट देणारा, आकाराने पुस्तकाएवढा. या गाडीची बॅटरी डिकीत उजवीकडे आहे, त्यामुळे अँपही डिकीत लावला तर करंटची केबल हातभरच लागते. इतर गाड्यांत बॉनेटपासून मागेपर्यंत ओढावी लागते, ती इथे नाही. तरी फ्यूज बॅटरीच्या टोकापासून फूटभराच्या आतच हवा. अर्थिंग बॅटरीच्या ऋण टोकाजवळ, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. अँप डिकीच्या तळाला ठेवू नका, मागच्या दिव्यांच्या जुन्या रबरांतून तिथे पाणी येतं. बाजूच्या पत्र्यावर ब्रॅकेट लावून उंच बसवा. बॅटरी बघताना तिच्या वायूची नळी गाडीबाहेर गेलेली आहे ना तेही बघा. मूळची बॅटरी बंद प्रकारातली होती. कोणी स्वस्तात साधी बसवली असेल आणि नळी जोडली नसेल तर हायड्रोजन तुमच्या डिकीत साठतो, आणि तिथेच तुम्ही ठिणगी पाडणारी कामं करणार आहात.

त्याहून महत्त्वाचं: सीटच्या मागे, त्या कार्पेट घातलेल्या कट्ट्यावर, अँप किंवा स्पीकर बसवायचा मोह होतो. जागा अगदी आयती दिसते. त्या पत्र्याच्या खाली पेट्रोलची टाकी आहे. तिथे ड्रिल चालवायचं नाही. लांब स्क्रूही नाही.

डेकपासून अँपकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वायरी गाडीच्या एका बाजूने न्या. बॅटरीची मूळ जाड केबल ज्या बाजूने पुढे जाते ती बाजू सोडून. नाहीतर इंजिनचे फेरे वाढले की स्पीकरमधून शिट्टी वाजायला लागते आणि ती शोधण्यात शनिवार-रविवार जातो.

डेकचं सांगतो. जपानमध्ये एफएमचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झ होता, इथे तो १०८ पर्यंत जातो. म्हणून ९० च्या वरची स्टेशनं तुमच्या डेकला दिसतच नाहीत. पट्टा सरकवणारी डबी मिळते, पण ती लावून आवाज गढूळ होतो. डेक बदला. मधल्या कन्सोलमध्ये दोन डिनची (डिन म्हणजे डेकच्या उंचीचं ठरलेलं माप) जागा असल्याने लोक मोठी टचस्क्रीन घालतात. टप उघडल्यावर दुपारच्या उन्हात त्या पडद्यावर काही दिसत नाही, आणि पोलराइज्ड गॉगल घातला तर तो काळाही पडू शकतो. एक डिनचा, गोल फिरणाऱ्या नॉबचा, तोंड काढून खिशात टाकता येईल असा डेक घ्या. चोराला तुमचा टप फाडायला एक ब्लेड पुरतं, आणि नवा टप कुठल्याही डेकपेक्षा महाग असतो. अँपसाठी वेगळे आउटपुट हवेत, डिजिटल रेडिओ हवा, आणि आवाजाच्या सेटिंग साठवता यायला हव्यात. उघड्या गाडीत फोनवर बोलायची अपेक्षा ठेवू नका, समोरच्याला फक्त वारा ऐकू जातो.

साठवता येणारी सेटिंग मी का मागतो, तर ही एक गाडी नाही, दोन आहेत. टप लावलेली आणि टप उघडलेली. टप लावून, गाडी उभी करून पहिली सेटिंग करा. दारांच्या स्पीकरना ८० हर्ट्‌झच्या खालचं तोडा, म्हणजे कोन उगाच थडथडत नाही आणि तीच ताकद वर वापरली जाते. मग दुसरी. ही उभ्या गाडीत जमत नाही. शेजारी कोणाला तरी बसवा, टप उघडून नेहमीच्या वेगाला लागा आणि त्याला बटणं दाबू द्या. १०० ते २५० हर्ट्‌झचा भाग ३ ते ५ डेसिबल वर, २ ते ३ हजारांचा किंचित वर, म्हणजे शब्द कळतात. ५० च्या खाली हात लावू नका, तिथे काहीही ओतलं तरी वारा घेऊन जातो. ही सेटिंग घरापाशी टप लावून ऐकलीत तर भयंकर वाटेल. वाटू द्या.

फोनवरच्या ॲपमध्ये गाण्यांचा आवाज एकसारखा करण्याची सोय असेल तर ती चालू करून मोठ्यावर ठेवा, हळू आणि मोठ्या भागांतलं अंतर कमी होतं. तरी काही गोष्टी या गाडीत होणार नाहीत. भीमसेन जोशींचा विलंबित ख्याल टप लावूनच ऐका. उघड्या गाडीत आलापाचा निम्मा भाग जाईल आणि तानेला तुम्ही दचकाल. लावणी, भांगडा, रॉक, बातम्या हे सगळं छान चालतं.

आणि सबवूफर? एवढं सगळं झाल्यावर महिनाभर चालवून बघा. तरी खाली पोकळ वाटलं तर आठ इंची, बंद खोक्यातला, दहा लिटरच्या आसपासचा, शेजारच्या माणसाच्या पायांपुढे बसवता येतो. सीटखाली जागा नाही, सीट जमिनीलाच टेकलेली आहे. डिकीत मात्र नको: डिकी आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत आहे. १२ इंची डबा तिथे नंबर प्लेट थरथरवेल, मागच्या गाडीवाल्याला बास ऐकवेल, आणि तुमची सामान ठेवायची एकमेव जागा खाईल.

स्पीकर मागवण्याआधी एक माप घ्या. दाराचं पॅड काढा, काच पूर्ण खाली करा आणि स्पीकर जिथे टेकतो त्या पत्र्यापासून काचेपर्यंतची खोली मोजा, दोन्ही दारांची वेगवेगळी. त्यात रिंगची जाडी मिळवून कळवा, म्हणजे मॅग्नेट काचेला न लागणारे दोन-तीन मॉडेल सुचवतो.